वधूचे लग्नापूर्वीचे नाव

६ मार्च, शुक्रवार

हेडबाईंनी मधल्या सुट्टीत बोलावलेलं. जूनपासून आठवी ते दहावीचं इंग्रजी दोन नव्या मुली घेणार. मी ‘समन्वयक’. म्हणजे काय, विचारलं. म्हणजे रजिस्टरं तपासायची, पेपर गोळा करायचे, पालकांचे फोन घ्यायचे. वर्ग नाही. ‘तुमचा अनुभव आम्हाला वापरायचाय,’ म्हणाल्या. म्हटलं, वर्गातच वापरा की. गोड हसल्या. १० पैकी २, तेही हसल्याबद्दल.

सतरा वर्षं याच शाळेत, आणि अजून करारावर. पण खुर्चीचं दुःख नाही. खडू काढून घेतला, त्याचा राग आहे.

घरी सांगितलं. नितीन दुपारच्या पाळीला निघालेला. बरंच झालं, घसा वाचेल, म्हणाला आणि डबा उचलला. आप्पांनी विचारलं, लेखी आदेश दिला का? नाही दिला. ‘मग अजून झालेलंच नाही,’ म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. सासरे हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले त्याला तेवीस वर्षं झाली. कागदावर नाही ते त्यांच्या लेखी घडलेलं नसतं.

८ मार्च, रविवार

बाळकुमला ग्रेसीकडे. माझ्या आधी तीच शाळेत इंग्रजी शिकवायची. निवृत्त झाल्यावर गप्प बसली नाही, व्हिएतनामला वर्षभर शिकवून आली. मला वाटायचं, तिथे गोऱ्यांनाच घेतात. ती म्हणाली, गोरे घेतात पगारी फिरायला, लहान गावातल्या शाळा मास्तरीण शोधतात.

मागच्या दारी बोंबील वाळत घातलेले, तिथेच बसलो. तिच्या मोबाइलमधले फोटो बघितले. चाळीस मुलं, निळे स्वेटर, आणि मधे ग्रेसी साडीत. सगळी तिला चिकटलेली.

‘तू का जात नाय गो? पंचेचाळीसपर्यंतच घेतात. माझ्या टायमाला असा नेम नव्हता.’

मी ऑगस्टला चव्वेचाळिसावी पुरी करीन. तिथला करार अकरा महिन्यांचा, ऑगस्ट ते जून. म्हणजे जायचं तर याच वर्षी. ती तिथल्या शाळेच्या बाईंना माझं नाव कळवणार आहे. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

१० मार्च, मंगळवार

हो म्हटलं. ग्रेसीला मेसेज केला.

मग घरी सांगितलं. उलटा क्रम, पण तसंच झालं. नितीन म्हणाला, बघ तुझं तू. हे वाक्य तो कधी रागाने म्हणतो, कधी मनापासून, एकोणीस वर्षांत फरक कळलेला नाही. ईराचा पुण्याहून फोन होता, ती हॉस्टेलवर आहे. ‘आई, जा ना, भारी.’ तिच्या दृष्टीने सगळं भारीच असतं.

आप्पांनी पेपराची घडी घातली. मग विचारलं, तिकडे शनिवारी सुट्टी असते का.

का जायचंय ते इथे लिहून ठेवते, नंतर मलाच आठवायचं नाही. मला शिकवता येतं. दुसरं काही एवढं चांगलं येत नाही. आणि ते आता इथे कोणाला नकोय. बस्स.

१५ मार्च, रविवार

मुलाखत झाली. व्हिडिओवर. मागे पडदा लावला, फ्रिज बंद केला, कारण तो मधेच गुरगुरतो. समोर बाई, लान नाव, माझ्याच वयाच्या. त्या शाळेत इंग्रजी विभाग बघतात. त्यांचं इंग्रजी सावकाश, साधं. मी पहिली पाच मिनिटं उगाच भराभरा बोलले. नंतर लक्षात आलं की समोरची दमतेय.

त्यांनी एकच अवघड प्रश्न विचारला. तुमची भाषा ज्याला येत नाही अशा कुणाला कधी शिकवलंय का? खरं ते सांगितलं. नाही. मुलं अडली की मी मराठीत जाते. सतरा वर्षं गेलेय. कधी कधी मुलं अडायच्या आधीच जाते. खोटं बोलले असते तर चाललं असतं बहुतेक.

त्या म्हणाल्या, दहा मिनिटांचा एक धडा पाठवा. एकच विद्यार्थी, आणि फक्त इंग्रजी.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

विद्यार्थी कुठून आणायचा. शाळेत परीक्षा, शेजारचा ओम गावाला. ईरा सणाला आलीय, पण तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा फास्ट. शेवटी तीच म्हणाली, आजोबांना घे.

आप्पा आधी नाही म्हणाले. मग नवा सदरा घालून येऊन बसले. ईराने मोबाइल पुस्तकांवर टेकवला. मी वर्तमानपत्रातून आलेल्या पाठकोऱ्या जाहिरातीवर वर्तकनगरचा नकाशा काढला होता. देऊळ, दवाखाना, भाजीवाला, आपली बिल्डिंग. धडा रस्ता सांगण्याचा. सरळ जा, डावीकडे वळा.

अडचण ही की आप्पांना इंग्रजी येतं. पण ते कचेरीतलं. मी विचारलं, देवळाकडे कसं जायचं? त्यावर उत्तर, ‘काइंडली प्रोसीड अ‍ॅज पर द एनक्लोज्ड मॅप.’ ईराला हसू आवरेना, मोबाइल हलला. परत घेतलं. परत तेच. मला मराठी तोंडावर आलेली, आप्पा, साधं सांगा हो. गिळली. नुसतं नकाशावर बोट ठेवून थांबले. ते माझ्या बोटाकडे बघत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, ‘गो स्ट्रेट.’ मग ‘टर्न लेफ्ट.’ शेवटी स्वतःहून ‘यू आर हिअर’ म्हणाले आणि आपल्या बिल्डिंगवर टिचकी मारली.

दहाच्या जागी बारा मिनिटं झाली. तशीच पाठवली. जेवताना आप्पा श्रीखंड दुसऱ्यांदा मागून खात होते. विचारलं, कसा होता विद्यार्थी? ८ दिले. दोन कुठे गेले ते विचारत बसले.

२४ मार्च, मंगळवार

घेतलं. घेतलं मला!

लानबाईंचा मेल. लिहिलंय की तुम्ही थांबता, ते आवडलं. आणि तुमचा विद्यार्थी फार गुणी आहे. आप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी मेल छापून आणायला सांगितला, फाइलला लावायला.

कागदांची यादी आलीय. पदवी, बी.एड., पोलिसांचा दाखला, सगळ्यावर मंत्रालयाचे नि वकिलातीचे शिक्के. पण शिक्के नंतर. आधी सगळ्या कागदांच्या प्रती ३० एप्रिलपर्यंत, नाहीतर जागा दुसऱ्याला. एवढंच ना. माझे सगळे कागद आहेत.

२८ मार्च, शनिवार

कल्याण. शिक्क्यांची कामं करून देणारा एक माणूस आहे, स्टेशनाजवळ पहिल्या मजल्यावर. पंधरा मिनिटं कागद चाळले त्याने. मग पदवी एका बाजूला ठेवली, पासपोर्ट दुसऱ्या बाजूला.

‘मॅडम, ह्या दोन वेगळ्या लेडीज आहेत.’

पदवीवर संगीता बबन गावडे. पासपोर्टवर शर्वरी नितीन सावंत. म्हटलं, लग्नानंतर नाव बदललं. म्हणाला, आडनाव, मधलं नाव समजू शकतो, पण पहिलंपण? तिकडच्यांना कसं समजावणार? वय असेल पंचवीस. त्याच्या आईचंही बदललं असेल, त्याला माहीत नसेल.

सांगितलं त्याला. नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहायचं, ते तुझं नाव. मी समोर बसलेले, त्यामुळे मला ते उलटं दिसलं. आधी वाचताच येईना. टाळ्या वाजल्या तेव्हा अक्षर लागलं. तेव्हा वाईटबिईट काही वाटलं नव्हतं. सगळ्यांचं होत होतं. आत्याचं झालेलं, आईचं झालेलं. शर्वरी तर छानच होतं, संगीता वर्गात चार होत्या.

शाळेत लागले तेव्हा जुन्या क्लार्कने दोन्ही झेरॉक्स एकत्र टाचून वर लिहिलेलं, ‘एकच व्यक्ती.’ सतरा वर्षं चाललं.

माणूस म्हणाला, काही नाही, मॅरेज सर्टिफिकेट आणा. त्यात लग्नापूर्वीचं नाव असतं, नंतरचं असतं. ते जोडलं की काम झालं. जिवात जीव आला.

२९ मार्च, रविवार

काम झालेलं नाही.

सर्टिफिकेट आप्पांच्या फाइलीत होतं. त्यांच्या फायलींवर अनुक्रमांक असतात, मागितल्यावर अर्ध्या मिनिटात काढून दिलं. प्लास्टिकच्या पिशवीत, एक घडी नाही. ते मी आजवर नीट वाचलेलंच नव्हतं.

वधूचे लग्नापूर्वीचे नाव: शर्वरी बबन गावडे.

अशी कुणी बाई कधी नव्हती. संगीता गावडे बी.ए. झाली. शर्वरी सावंतने पासपोर्ट काढला. आणि लग्न केलं ते ह्या तिसरीनेच.

अर्ज आप्पांनी भरलेला. सोबत त्याची प्रत होती, त्यांचं ते मोत्यासारखं अक्षर. आप्पांना दाखवलं. भिंग आणलं त्यांनी. खूप वेळ बघितलं. म्हणाले, ‘बरोबर आहे.’ मी म्हटलं, आप्पा, लग्नापूर्वीचं विचारलंय. म्हणाले, ‘अर्ज लग्नानंतर आठव्या दिवशी भरला. तेव्हा तुझं नाव शर्वरीच होतं.’ भिंग परत डबीत ठेवलं.

१ एप्रिल, बुधवार

नोंदणी कचेरीत गेलेले. अर्ध्या दिवसाची रजा. खिडकीवरची बाई चांगली निघाली, ९ गुण. म्हणाली, दुरुस्ती होते. तुम्हा दोघांचा अर्ज, तुमचा शाळा सोडल्याचा दाखला आणि मूळ साक्षीदारांपैकी एकाचं प्रतिज्ञापत्र, की नाव चुकून लिहिलं गेलं. महिनाभरात नवीन सर्टिफिकेट.

साक्षीदार तीन होते. माझा मामा, तो गेला. नितीनच्या आत्याचे यजमान, तेही गेले. तिसरे आप्पा.

म्हटलं, चला, ते तर घरातच आहेत. संध्याकाळी विचारलं, तर हो म्हणाले नाहीत. एप्रिल फूल मीच.

३ एप्रिल, शुक्रवार

आप्पा नाही म्हणतात. सरळ नाही म्हणत नाहीत. काल म्हणाले, सरकारी कागद असा मनाला येईल तेव्हा बदलता येत नाही. आज म्हणाले, ‘चुकून’ हा शब्द प्रतिज्ञापत्रात बसत नाही. मग म्हणाले, चौतीस वर्षांत माझा एक कागद परत आलेला नाही.

म्हणजे हे आहे. मी जाणार, याचं नाही. कागद परत आला, याचं.

की मी जाणार याचंही? संध्याकाळी विचारत होते, नितीनला पोळ्या येतात का. येत नाहीत. पोहे येतात. बाई लावू म्हटलं. बाईच्या पोळ्या वातड होतात, म्हणाले.

७ एप्रिल, मंगळवार

आज नको ते बोलले. नको ते की हवं ते, कळत नाही.

सकाळी परत विषय काढला, नीट, हात जोडायचे बाकी होते. आप्पांनी कागद हातात घेतला आणि ‘हा कागद माझ्या जबाबदारीचा आहे’ असं सुरू केलं.

‘कागद तुमचा असेल, आप्पा. नाव माझं होतं.’

मोठ्याने बोलले नाही. पण बोलले. नितीन दाढी करत होता, तो तसाच अर्धवट साबण लावून बाहेर आला. आप्पांनी कागद टेबलावर ठेवला, चष्मा काढला, आणि फिरायला गेले. साडेअकरापर्यंत आले नाहीत. नितीनने बागेत जाऊन बघितलं, बाकावर बसलेले. नुसतेच.

दिवसभर रडू येत होतं आणि रागही. एकोणीस वर्षांत त्यांना कधी उलट बोलले नव्हते. वाईट वाटतंय. माफी मागावीशी मात्र वाटत नाही.

१० एप्रिल, शुक्रवार

घरात पाहुणे आल्यासारखे वागतोय सगळे. आप्पा चहा स्वतः गरम करून घेतात. मला हाक मारत नाहीत. काही हवं असेल तर नितीनला सांगतात, नितीन मला सांगतो, आणि मी तिथेच दोन फुटांवर असते.

ग्रेसीचा फोन. सासऱ्याला माझ्याकडे घेऊन ये, मी सांगते चार गोष्टी, म्हणाली. नको म्हटलं. ग्रेसीच्या चार गोष्टी आप्पांना झेपायच्या नाहीत.

वीस दिवस राहिले.

१२ एप्रिल, रविवार

नितीनने भांडी घासली. न सांगता. मला संशय आला.

मग गॅलरीत येऊन उभा राहिला आणि एकदम म्हणाला, तुला माहितेय का शर्वरी नाव कुठून आलं? मला वाटायचं, पत्रिकेतलं अक्षर बघून. तसं नाही. त्याच्या जन्माआधी आप्पांना मुलगी हवी होती, तिच्यासाठी नाव काढून ठेवलेलं. झाला हा. पुढे मूल झालं नाही. नाव राहिलं तसंच. आमचं ठरलं तेव्हा आप्पांनी त्याला बोलावून सांगितलं, तांदळात हे लिहायचं.

‘आणि तू?’

‘मी काय? लिहिलं.’

‘मला विचारावंसं नाही वाटलं?’

विचार करत राहिला. खरंच विचार करत होता, ते दिसत होतं. ‘नाही गं. डोक्यातच नाय आलं,’ म्हणाला. खोटं बोलला नाही म्हणून ६. भांड्यांचा १ वेगळा.

झोपेपर्यंत डोक्यात हेच. त्यांनी मला त्यांची सगळ्यात जपून ठेवलेली वस्तू दिली. मी ती घेतली, वापरली, त्यात मला काही कमी पडलं नाही. तरी कुणी एकदा विचारलं असतं तर? मी हो म्हटलं असतं बहुतेक. तेवीस-चोवीस वर्षांची होते, कशालाही हो म्हणत होते.

१५ एप्रिल, बुधवार

शाळेतून आले तर आप्पा घरात नाहीत. फोन टेबलावर. छत्री नाही, म्हणजे उन्हातून लांब गेले असणार. पाच वाजता नितीनला फोन केला, तो शीळफाट्यापुढे कंपनीत, तिथून काय करणार. वॉचमन म्हणाला, रिक्षाने गेले सकाळीच.

साडेपाचला आले. घामाघूम. पाणी दिलं, घेतलं. कपाळाला आठ्या घालून स्वतःच सांगायला लागले. नोंदणी कचेरीत गेले होते. स्वतः. रांगेत उभे राहिले, एक्याऐंशीव्या वर्षी, कारण ज्येष्ठांची खिडकी बंद होती. खिडकीवरच्या बाईला आपला मूळ अर्ज बघायला मागितला. तिने काढून दिला. म्हणजे घरातल्या प्रतीवर विश्वास नव्हता त्यांचा, मूळ बघायचं होतं.

‘माझंच अक्षर आहे,’ म्हणाले.

मग म्हणाले, त्या रकान्याखाली बारीक टीप छापलेली होती. शाळेच्या दाखल्याप्रमाणे नाव लिहावे. प्रतीत ती टीप उमटलेली नव्हती. ‘टीप वाचली नाही मी. नव्या क्लार्कला मी पहिल्या दिवशी हेच सांगायचो, टीप वाच.’

मी चहा टाकला. त्यांनी नितीनकरवी न मागता घेतला.

१७ एप्रिल, शुक्रवार

रजा टाकली. कोर्टनाक्याला गेलो, मी, नितीन, आप्पा. आप्पांनी मसुदा स्वतः लिहून आणलेला, रेघांच्या कागदावर, समास सोडून. वकिलाला टाइप करायला दिला. मी तोवर वाचला नव्हता.

टाइप होऊन आला तेव्हा वाचला. वरचं नेहमीचं, मी खाली सही करणार वगैरे. मग:

‘सदर अर्जातील “वधूचे लग्नापूर्वीचे नाव” या रकान्यात मी माझ्या हस्ताक्षरात शर्वरी बबन गावडे असे लिहिले. ते चूक आहे. वधूचे नाव संगीता बबन गावडे असे होते. शर्वरी हे नाव मी ठरविले. सदर चुकीस मी एकटा जबाबदार आहे. नाव ठरविताना वधूस विचारण्यात आलेले नव्हते.’

वकील म्हणाला, काका, शेवटच्या वाक्याची काही गरज नाहीये. काढून टाकू या, उगाच कुणी प्रश्न विचारेल.

‘ते राहू दे,’ आप्पा म्हणाले.

‘पण त्याचा इथे काही संबंध—’

‘प्रतिज्ञेवर लिहून देतोय ना? मग पूर्ण लिहून देतो.’

नितीन जमिनीकडे बघत होता. आप्पांनी सही केली, दोन्ही पानांवर, तारीख घातली. मी रस्त्यापलीकडे जाऊन उसाचा रस सांगितला तिघांना, कारण तिथे उभं राहून रडायचं नव्हतं. तिथे उभी राहून रडले. रसवाल्याने बर्फ घालू का विचारलं, घाल म्हटलं.

आज गुण नाहीत कुणाला.

२० एप्रिल, सोमवार

अर्ज दिला. बाईने प्रतिज्ञापत्र वाचलं, शेवटच्या ओळीशी थांबली, माझ्याकडे बघितलं. शिक्का मारला, पोच दिली. पंधरा कामाचे दिवस, त्यात सुट्ट्या. विचारलं, ३०च्या आत नाही का होणार? बघते, पण साहेबांची सही लागते आणि साहेब ट्रेनिंगला, म्हणाली.

म्हणजे मे उजाडणार.

२३ एप्रिल, गुरुवार

लानबाईंना मेल केला. लिहायला दोन तास लागले. तांदूळ, अंगठी, ताट, हे इंग्रजीत कसं सांगायचं. तीनदा खोडलं. शेवटी साधं लिहिलं. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत होती. माझं बदललं. कागदावर चूक झाली, दुरुस्त होतेय. दहा-बारा दिवस थांबता येईल का? सोबत पोच जोडली.

पाठवायच्या आधी आप्पांना दाखवला. वाचून म्हणाले, ‘काइंडली’ एकदा तरी घाल. घातलं.

एक गंमत झालीय. प्रतिज्ञापत्र दिल्यापासून आप्पा मला नावाने हाक मारत नाहीत. रागाने नाही, बोलतात व्यवस्थित. पण ‘अगं ऐक’, ‘अगं, जरा ये’ असं. काल ‘श’ तोंडातून निघाला नि थांबले. मग खोकले.

२७ एप्रिल, सोमवार

उत्तर नाही.

शाळेत हेडबाईंनी समन्वयकाची ऑर्डर दिली. लेखी. आप्पांच्या हिशोबाने आता झालं. स्वीकारते की नाही ते ५ मेपर्यंत कळवायचंय. दोन्ही बाजूंनी तारखा.

दहावीच्या जादा वर्गाची मुलं शेवटचं भेटायला आलेली. आर्यन म्हणून आहे एक, वर्षभर तोंड उघडलं नाही, आज इंग्रजीत चार वाक्यं बोलला. बरोबर होती. शिकवायचं असंच असतं, वर्षभराने चार वाक्यं येतात. ते रजिस्टरात कुठे दिसत नाही.

२९ एप्रिल, बुधवार

आलं उत्तर. थांबतील. १२ मेपर्यंत. त्यानंतर नाही, कारण त्यांनाही वर कळवायचं असतं. दुसरी उमेदवार तयार आहे, हेही लिहिलंय, लपवलेलं नाही. चांगली बाई आहे.

साहेब ४ तारखेला ट्रेनिंगहून येणार. सर्टिफिकेट १२च्या आत मिळालं तर मी जाते. नाही मिळालं तर रजिस्टरं. मधलं काही नाही.

पण मग शाळेला ५ला काय कळवू? सर्टिफिकेट हातात नसताना ही नोकरी सोडायची? नितीन म्हणाला, सोड. एवढंच. ‘बघ तुझं तू’ नाही म्हणाला. ९.

३० एप्रिल, गुरुवार

लानबाईंचा आणखी एक मेल, छोटा. करारावर पासपोर्टचंच नाव येईल, तो नियम आहे. पण वर्गाच्या दारावर पाटी लावतात, आणि मुलं बाईंना पहिल्या नावाने हाक मारतात. पाट्या सगळ्यांच्या एकदम करायला टाकतात, म्हणून आत्ताच विचारतेय, येणं ठरलं नसलं तरी. पुढे लिहिलंय, तुमची गोष्ट वाचली, म्हणून मी स्वतःहून काही लिहिलं नाही. खाली फॉर्म. एकच रकाना. मुलांनी तुम्हाला काय म्हणावं?

दुपारपासून तो उघडून बसलेय.

शर्वरी लिहिलं. खोडलं. शर्वरीने सतरा वर्षं शिकवलं, ईराला वाढवलं, पेपर तपासले. संगीता लिहिलं. संगीता बी.ए. झाली, फर्स्ट क्लासमध्ये, आणि नंतर तिला कुणी काही विचारलंच नाही. माहेरी आता भाऊ ताई म्हणतो, म्हणजे तिथेही ती नाही. खोडलं.

आप्पा मागे येऊन उभे होते, कळलंच नाही. चष्मा सारखा केला, स्क्रीनवर वाकून वाचलं. अगदी खालची बारीक टीपसुद्धा वाचली.

‘काय लिहिलंस?’

‘अजून काही नाही. तुम्ही सांगा ना, आप्पा.’

एकदम मागे सरकले. ‘छे. मी नाही,’ म्हणाले. दारापर्यंत गेले, तिथून वळून म्हणाले, ‘सावकाश लिही. या वेळी तुला विचारलंय.’

मग आत जाऊन रेडिओ लावला.

उद्या महाराष्ट्र दिन, सुट्टी आहे. रकाना अजून रिकामा आहे.